अकरा नंबरची ओळ

दि. ६ मार्च २००७. सकाळचे दहा. जागा: कुरुंद्यातली तुझी हळदीची खोली. हजर: करीमभाई आणि मी. वहिनी उंबऱ्यापर्यंत आली, आत डोकावली आणि परत गेली. मधू पहाटेच्या जीपनं नांदेडला निघून गेला. काल तुझा तेरावा झाला.

अण्णा, नेहमीप्रमाणे आधी तारीख आणि हजेरी लिहिली आहे. पंचवीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर हात दुसऱ्या पद्धतीनं चालत नाही. तू गेलास त्या दुपारीही मी आधी यादी केली. कोणाला फोन, कोणाला माणूस पाठवून निरोप, लाकडं कोण आणणार, मधूला कोण कळवणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. वहिनी म्हणाली, "वन्स, तुमाला रडू कसं येत न्हाई?" मी म्हटलं, यादी संपू दे. ती संपली तशी मी दुसरी केली, मग तिसरी. काल पंगतीची भांडी मोजून परत केली आणि आता हातात ही एकच वही उरली आहे. कव्हरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: मधूच्या बाटल्या.

या वहीत अकरा नोंदी आहेत. अकराव्या नोंदीत तारीख आहे, हजेरी आहे आणि चवीच्या जागी काही नाही. रात्री मधूनं सगळी वही वाचली, शेवटच्या पानावर थांबला आणि विचारलं, "आत्या, बाबांनी अकरा नंबर चाखली होती का?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाले?"

मी म्हटलं, "लिहून पाठवते."

आयुष्यात मी कुठलंच काम 'नंतर' म्हणून ठेवलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? ते मी काल ठेवलं.

पहिली बाटली आली तो दिवस आठवतोस का? मधूला जपानला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. एका वर्षासाठी म्हणून गेलेला पोरगा, आणि पत्र आलं की इथंच राहतो. ते पत्र तू माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंस आणि खिशात घालून वसमतला मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, कामाला गेलास. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा तेव्हा वहिनीबरोबर फोनवाल्याच्या दुकानापर्यंत जायचास आणि बाहेर उभा राहायचास. वहिनी आतून हाक मारायची, "अवो, लेकरू बोलून राहिलंय!" तू म्हणायचास, "तूच बोल. मिशीनमध्ये काय बोलायचं असतंय?" फोन ठेवल्यावर मात्र घरापर्यंत तिला विचारत यायचास, काय म्हणाला, आवाज कसा होता, खोकला होता का.

मग दिवाळीत त्याचा पुण्याचा एक मित्र जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली ती हिरवी बाटली घेऊन आला. बरोबर चिठ्ठी: "बाबा, ही इथली तांदळाची दारू. साके म्हणतात. इथले लोक प्रत्येक साकेची चव वेगळी सांगतात, मला सगळ्या सारख्याच लागतात. तुमच्या जिभेला काय लागतं ते कळवा."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "बापासाठी हेच सापडलं का त्याला? माझ्या देव्हाऱ्याच्या घरात ही न्हाई ठेवायची." म्हणून बाटली परसातल्या हळदीच्या खोलीत, पोत्यांच्या मागे गेली. तू जन्मात दारूला शिवला नव्हतास. दोन दिवस त्या चिठ्ठीची घडी उघडत आणि मिटत राहिलास. तिसऱ्या सकाळी म्हणालास, "सुमे, करीमला बोलाव. माल पारखायला आलाय. पारखावा लागंल."

माल हा शब्द निघाला आणि तुझा चेहरा मोकळा झाला. पारखणं हे तुझं काम होतं. तीस वर्षं वसमतच्या आडतीत तू हळकुंड मोडून हुंगत आलास, कडेला जीभ लावून सांगत आलास की हे कोणत्या शिवारातलं, किती शिजलं, किती दिवस वाळलं. आणि ते तोंडानं नाही सांगायचास. खांद्यावरचा रुमाल सोडायचास, आपला आणि शेटजींचा हात त्याखाली घ्यायचास आणि त्यांची बोटं दाबायचास. भोवती दहा खरेदीदार उभे असले तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, तुला रुमालाखाली आणखी एक तोंड आहे.

करीमभाई वसमतहून सायकल हाणत आले. बसस्टँडजवळ त्यांचं अत्तराचं दुकान, आणि तुझी-त्यांची दोस्ती शाळेपासूनची. मी विचारलं, "भाई, तुम्हाला हे चालेल का?" ते म्हणाले, "बाई, पीना मना है. सूंघने को किसने मना किया?"

त्या सकाळी जो रिवाज पडला तो सातव्या बाटलीपर्यंत मोडला नाही. वेळ दहाची. त्याआधी चहा नाही, तंबाखू नाही, पाण्यानं तीनदा चूळ. स्टीलचा एकच चमचा, एकच घोट. करीमभाई बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन डोळे मिटायचे, तू चमचा जिभेवर धरायचास, मग दोघांचे हात तुझ्या रुमालाखाली जायचे. वरून नुसता रुमाल हलताना दिसायचा. मग तू बोलायचास आणि मी लिहायची. मला वाटायचं, मोंढ्यातल्यासारखी तुम्ही प्रत ठरवता: एक नंबर, दोन नंबर. बोटांचं मी कधी विचारलं नाही. मला ओळ मिळाली की माझं काम झालं.

क्र. १: "भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्याबरोबर येती ती पहिली वाफ. मागून हळदीच्या फुलाचा वास. शेवट कोरडा, पाणी मागणारा."

मी लिहीपर्यंत करीमभाईंनी तोंड घातलं. "हल्दी तेरे कमरे की है अण्णा, बोतल की नहीं."

"तीस वरीस हळद हुंगून राहिलो, करीम. खोलीतली हळद वाळलेली हाय. ही फुलाची हाय."

"हौ, जपान में हल्दी का खेत है ना तेरा!"

हा वाद तुम्ही दर बाटलीला उकरून काढलात. बाटल्या राहायच्या पोत्यांत, बुचावर पिवळी धूळ असायची, आणि तू हट्टानं म्हणायचास की वास आतला आहे. मी बाटली धान्याच्या कोठीत हलवायचं सुचवलं तर दोघंही माझ्यावर ओरडलात. वाद मिटवायचा नव्हताच कोणाला. तो अजून मिटलेला नाही, अण्णा. काल करीमभाई पंगतीत एकटेच म्हणाले, "कमरे की ही थी." मग ताटावरून उठून हात धुवायला गेले.

ती पहिली ओळ मी मधूला पाठवली. त्याचं उत्तर आलं: "बाबा, इथल्या कुठल्याच साकेला हळदीचा वास नसतो. पण ती ओळ वाचली आणि मला आपल्या घराचा वास आला." तू म्हणालास, "पुन्हा वाच. चष्मा न्हाई माझ्याकडं." मी तीनदा वाचलं. चष्मा तुझ्या वरच्या खिशात होता, मला दिसत होता.

तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं असं चाललं. वर्षाला एक बाटली यायची आणि एक ओळ जायची. बाकी सगळं माझ्या आणि वहिनीच्या तोंडून. राग कोणाचा कधी संपला ते मला सांगता यायचं नाही, पण तुझ्या त्या ओळी मी आज एका बैठकीत वाचल्या आणि त्यात राग एकाही ठिकाणी सापडला नाही.

क्र. २ आठवली की आजही हसू येतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, कोमट करून घ्या. तू बाटली माघापर्यंत राखून ठेवलीस आणि हळद शिजवण्याच्या कढईशेजारी गरम राखेत पुरलीस. मी म्हटलं, "अण्णा, कोमट म्हणजे किती?" तू म्हणालास, "हळदीला जेवढं लागतंय तेवढं." अर्धा दिवस ती राखेत होती! बूच काढलं तर करीमभाई दोन पावलं मागे सरकले. तू चाखलीस, तोंड वाकडं केलंस आणि सांगितलंस, लिही: "मधू, ही आमच्या हातनं शिजली. चूक मालाची न्हाई."

क्र. ३ आली त्या वर्षी आपला हिंगोली जिल्हा नवीन झाला होता. पांढरी, गढूळ. "रात्रीच्या ताकाच्या तळाला बसलेलं पांढरं. गोड, दळदार, घशाला धरून चालणारी." करीमभाई म्हणाले, ही पेज आहे, आजाऱ्याला द्या. क्र. ४ लाकडाच्या पिंपातली होती: "नव्या पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास. पहिल्या दिवशीच्या दप्तराचा." ते सांगताना तू परसातल्या खिळ्याकडे बघत होतास. तिथं मधू दप्तर टांगायचा. क्र. ५ला तुझं मत बरं नव्हतं, "पातळ, घाईघाईची." पण एक घोट झाल्यावर उरलेली बाटली वहिनीच्या हातात जायची आणि ती गुडघ्याला चोळायची. पाच नंबरची ओळ वहिनीनंच पुरी केली: "गुडघ्याला लई चांगली. आणखी धाडावी." तीही मी पाठवली होती.

क्र. ६: "काकवी, खारीक, मागच्या सालची चिंच. म्हातारी झालीय, पण वाकली न्हाई."

आणि क्र. ७, मधूची सगळ्यांत लाडकी. "पूर्णेच्या वाळूतलं खरबूज. चाकू न लावता, गुडघ्यावर आपटून फोडलेलं. आत ऊन तसंच गरम. मधू सात वर्षाचा असताना आपण दोघांनी सिद्धेश्वर धरणाच्या खाली, नदीत बसून खाल्लं होतं ते." ती ओळ त्यानं तिकडे भिंतीवर लावली आहे, असं त्यानं काल सांगितलं. आपल्याला हे माहीत नव्हतं. तुला सांगायचं राहिलं म्हणून इथं लिहिते.

पुढचं लिहायला मला वेळ लागतो आहे. मधे उठून दोन वेळा पाणी पिऊन आले.

दोन हजार दोन साली तू आडतीतलं काम सोडलंस. वय झालं, म्हणालास. सत्तावन्न हे वय नाही, हे मला कळायला हवं होतं. मग एक दिवस तू चुलीजवळ बसलेला असताना दूध करपून पातेलं काळं पडलं. मी शेजारच्या माझ्या घरातून वासानं धावत आले आणि तू हातभर अंतरावर शांत बसला होतास. मी म्हटलं, "लक्ष कुठं असतं तुझं?" तू म्हणालास, "चुकलंच." मी पातेलं घासायला घेतलं. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन, प्रत्येक बाळंतिणीचं रक्त, कोणाला किती दिवस खोकला आहे, हे माझ्या रजिस्टरात होतं. भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाला वास येत नाही, ही नोंद मी केली नाही. मी मात्र असं ठरवलं की अण्णा हल्ली बेफिकीर झाला आहे, मनाला येईल ते सांगतो.

म्हणून मी तुझी परीक्षा घेतली. आठ नंबर आली तेव्हा करीमभाई मुलीच्या लग्नासाठी औंढ्याला गेले होते. तू म्हणालास, करीम आल्यावर बघू. मी घाई केली. एकाच बाटलीतली साके दोन वाट्यांत ओतली आणि म्हटलं, या वेळी मधूनं दोन पाठवल्या आहेत. तू पहिली चाखलीस. माझ्याकडे बघितलंस. रुमाल खांद्यावरून काढलास, पण त्याखाली धरायला कोणाचा हात नव्हता. मग म्हणालास, "पेरू. आंबटगोड, अर्धा पिकलेला." दुसरी चाखलीस. "ही जड हाय. जुना गूळ, खारीक."

मी लाल पेन घेतला. वही समोर आहे, शब्द वाचता येतात: "एकच बाटली, दोन चवी. नोंद रद्द." आणि तुला विचारलं, "अण्णा, तू एवढी वर्षं बनवूनच सांगत होतास का?"

तू थोडा हसलास. "व्हय गं सुमे. बराबर पकडलंस."

रुमाल झटकलास, खांद्यावर टाकलास आणि बाहेर गेलास. मी तेवढ्यावर थांबले नाही. मधूला पत्र लिहिलं की तुझे बाबा चवी मनानं सांगतात, फार मनावर घेत जाऊ नकोस. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "आत्या, तरीही पाठवत राहा." ते मला तेव्हा कळलं नाही. आणि तू पुन्हा कधी तसा बोललाच नाहीस. क्र. ९: "बरी हाय." क्र. १०: "बरी हाय." दोन्ही वेळा करीमभाई हजर होते आणि रुमाल तुझ्या खांद्यावरच राहिला. ते मला म्हणाले, "बाई, तुमने अण्णा को क्या बोला?" मी म्हटलं, "जे खरं ते."

नऊ आणि दहाच्या मधल्या उन्हाळ्यात तुझं डोकं दुखायला लागलं आणि आपण नांदेडला गेलो. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून बघत होते. नाकाच्या मुळाशी गाठ होती, जुनी. त्यांनी विचारलं, "वास यायचा कधी बंद झाला?" मी 'असं काही नाही' म्हणणार होते. तू माझ्याआधी बोललास. "चार वरीस झाले."

रिपोर्टांची पिशवी माझ्या मांडीवर होती. चार वर्षं म्हणजे तू आडत सोडलीस ते साल, करपलेल्या दुधाचं साल. सहा, सात, आठ या तीन नोंदी त्याच्या अलीकडच्या. मला त्याच क्षणी, त्याच खुर्चीत, तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी काय बोलले आठवतं? मी म्हटलं, "चल, दोनची गाडी मिळेल." गाडीत तुला खिडकी दिली, पाण्याची बाटली दिली, गोळ्या वेळेप्रमाणे लावून दिल्या. पुढचे नऊ महिने मी तुझं सगळं केलं, एक गोळी चुकली नाही. माफी तेवढी मागितली नाही. प्रत्येक यादीत ती होती, मी लिहीत नव्हते इतकंच.

माझ्यासारखं दुसऱ्याची चूक काढणं तुलाही करता आलं असतं. मी विधवा होऊन आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला सासरी पडले होते तेव्हा तू जीप घेऊन आलास. कोणाशी वाद नाही, चढा आवाज नाही. ओट्यावर उभा राहून विचारलंस, "सामान किती हाय?" मी यादी तयार ठेवली होती, ती दिली. तू वाचलीस आणि म्हणालास, "ह्याच्यात तुझं नाव लिवायचं ऱ्हायलंय." तुझ्या भिंतीला लागून दोन खोल्या बांधून दिल्यास आणि त्याचा उच्चारही पुन्हा केला नाहीस. माझी चूक तू अशी शांतपणे दुरुस्त केलीस, आणि तुझी नसलेली चूक मी लाल शाईनं लिहिली.

अकरावी बाटली अवेळी आली. दिवाळी होऊन गेली होती, फेब्रुवारी लागला होता. मधूला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्यानं बाटली पुढे पाठवली. लहान, निळी, चिठ्ठीत दोनच शब्द: "बाबा, सांगा." तुझं बोलणं बंद झालं होतं, नाकातून नळी होती. मी तुला चिठ्ठी वाचून दाखवली, तू डोळे उघडलेस आणि बाटलीकडे बघत राहिलास. नर्स म्हणून माझं मन होत नव्हतं. पण दहा वाजले होते. मी तारीख लिहिली, हजेरी लिहिली: अण्णा, सुमन. करीमभाई निघाले होते, अजून पोचले नव्हते. मी पुन्हा घाई केली. कापसाचा बोळा साकेत बुडवला, पिळला आणि तुझ्या जिभेवर टेकवला.

तुझी जीभ हलली. डोळे मिटलेस, किती तरी वेळ. मग तुझा हात चादरीखालून बाहेर आला, माझा हात त्यानं पकडला आणि ओढून चादरीखाली नेला. मला वाटलं, थंडी वाजते आहे. तुझी बोटं माझ्या हातावर दाबत होती, त्या दिवसांत तुझ्यात एवढं बळ आहे याचंच मला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "थांब अण्णा, घोंगडी आणते." आणि हात सोडवून घेतला. घोंगडी आणून नीट चारी बाजूंनी खोचली. तू माझ्याकडे बघत होतास. करीमभाई पोचले तेव्हा तुला झोप लागली होती. त्यानंतर तू नीटसा जागा झालाच नाहीस.

काल पंगती उठल्यावर मी करीमभाईंना चहा दिला आणि सहज सांगितलं, की शेवटी अण्णाला फार थंडी वाजत होती, माझा हात चादरीखाली ओढून धरला होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"चादर के नीचे?"

"हो."

"बाई, कौनसी उंगली पकडी थी?"

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या बाटलीपासून रुमालाखाली तुम्ही प्रत ठरवत नव्हतातच. तुझ्या आडतीच्या खुणांवरून तुम्ही चवीच्या खुणा केल्या होत्या. अंगठा म्हणजे आंबट. पहिलं बोट गोड. मधलं फळ. करंगळीशेजारचं लाकूड, माती. करंगळी कडू. आधी तू चव सांगायचास आणि ते वास सांगायचे, मग जुळवून तू बोलायचास. तुझं नाक गेलं तेव्हा तू एकट्या त्यांनाच सांगितलं होतंस. "मेरे को बोला, करीम, लेकराची ओळ बंद नाही होनी चाहिए. मैं उंगली दबाता था, उतनाच. फल है, बस इतना मैंने बोला. खरबूज उसका था बाई. नदी उसकी थी."

म्हणजे तू बनवून सांगत नव्हतास, अण्णा. आठ नंबरला तुझ्याजवळ तो हात नव्हता एवढंच, आणि त्या सकाळीसुद्धा पोराची ओळ चुकू नये म्हणून तू एकट्यानं प्रयत्न केलास.

"याद करो," करीमभाई म्हणाले. "जीभ तो आखिर तक उसकी थी. वो ग्यारह नंबर का बोल के गया है तुम्हारे पास. किसी की मदद के बिना."

मी आठवायला लागले. घोंगडी आठवते. ती निळ्या काठाची होती, धुऊन तिसरा दिवस होता. बोळा मी कुठं टाकला ते आठवतं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती हे आठवतं. बोटं आठवत नाहीत.

"पूरा पंजा तो नहीं पकडा था?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण पंजा म्हणजे काय?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "पूरा पंजा मतलब घर का माल. जिसको तोलना नहीं. मोंढे में पूरी उमर में उसने दो-तीन बार पकडा होगा."

अण्णा, मला 'हो' म्हणायचं होतं. अजूनही म्हणावंसं वाटतं. मधूला तेवढी एक ओळ पाठवली तर तो ती सातच्या शेजारी लावील आणि कोणी मला खोटं ठरवणार नाही. पण एकदा मी तुझ्या नावापुढे चुकीची नोंद केली आहे. दुसऱ्यांदा, चांगली असली तरी, मला माहीत नसलेली नोंद तुझ्या नावावर करणार नाही.

आज सकाळी करीमभाई परत आले ते यासाठी. ते म्हणतात, डोक्याला आठवत नसलं तरी हाताला आठवतं. रुमालाखाली माझा हात घ्यायचा, एकेक बोट त्याच जोरानं दाबायचं आणि शेवटी पूर्ण पंजा. जिथं हात 'हेच' म्हणेल ते लिहायचं. पण माझा हात ते धरणार नाहीत. "मेरा हाथ अत्तरवाले का है, नरम. अण्णा की पकड इस घर में एक ही हाथ को मालूम है."

तो हात वहिनीचा. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर हळद काढली, शिजवली, घासली, तिची बोटं तुझ्याच बोटांसारखी झाली आहेत. तुझा रुमालही तिच्याकडेच आहे. तिसऱ्या दिवशी तिनं तो धुऊ दिला नाही, घडी करून पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. ती आत्ता अंगणात बसली आहे, तोंड भिंतीकडे. तेरा दिवसांत तिनं कोणाचा हात धरला नाही आणि मी, सगळ्यांची ताटं मोजणारी, तिच्याजवळ एकदाही नुसती जाऊन बसले नाही.

बाटली पोत्यांच्या मागून काढून समोर ठेवली आहे, चमचा धुतला आहे, करीमभाई दारात थांबले आहेत. वहिनीला अजून विचारलेलं नाही.